सात थंड दिवे: सांजळकाठचा पूर्वेतिहास लिहिणाऱ्यांना खुले पत्र

पारोळा, जि. जळगाव

प्रति,
दर रविवारी संध्याकाळी आमच्या पुतणीच्या गच्चीवर फासे घेऊन जमणारी आणि सांजळकाठ नावाचा मुलूख कागदावर वसवणारी सर्व मंडळी,

सप्रेम नमस्कार.

पुतणीने तुमची ४३ पानं छापून आणून दिली आणि म्हणाली, "काका, जन्मभर दुसऱ्यांचे नकाशे काढलेत, आता आमचाही एक तपासा." मी भूमी अभिलेखात भूकरमापक होतो. शंकुसाखळी, प्लेन टेबल आणि कुणाचा तरी बांध, यात ३१ वर्षं गेली. राक्षस, मंत्र, उडते घोडे यातलं मला काही कळत नाही. पण नकाशा समोर आला की हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. पत्र उघड लिहितोय, कारण असे मुलूख रचणारे तुम्ही एकटे नाही आहात, आणि मी जी चूक दाखवणार आहे ती बहुतेक सगळेच करत असणार.

आधी आवडलं ते सांगतो. सांजळ नदीवरची नावाडीण तीन राज्यांची नाणी दाताखाली धरून पारखते, ते झकास. समुद्रापासून जसजसं लांब जावं तसतसा मिठाचा भाव चढतो, हेही कुणीतरी नीट बसून काढलंय. आणि ते दगडी दिवे! गाव वसलं की पहिल्या रात्री वेशीवर दिवा लावायचा, गावात एकही माणूस आहे तोवर तो तेलाशिवाय जळत राहणार आणि शेवटचा माणूस गेला की आपोआप विझणार. हे वाचून मी चष्मा काढून ठेवला आणि थोडा वेळ नुसता बसून राहिलो. का, ते पुढे येईलच.

आता चूक. पान २ वर तुम्ही लिहिता, "राणीचे लोक डोंगर ओलांडून उतरले तेव्हा सांजळकाठ निर्जन होता. नजर जाईल तिथवर गवत." आणि पान ९ वर त्याच लोकांना वाटेत सात दिवे लागतात, सातही थंड. ते त्यातल्या एकावर बसून भाकरी खातात आणि पुढे जातात. अहो, तुमच्याच नियमाने थंड दिवा म्हणजे मेलेलं गाव. सात गावं मेली होती त्या खोऱ्यात! ती कुणाची, कशाने मेली, माणसं गेली कुठे? उरलेल्या ३४ पानांत हा प्रश्न कुणी विचारत नाही, राणीही नाही आणि तुम्हीही नाही.

आमच्या दप्तरात अशा गावांसाठी शब्द होता, बेचिराख. आपण त्यात 'राख' ऐकतो म्हणून जळून खाक असा अर्थ मनात येतो. मूळ फारसी आहे, बे-चिराग, म्हणजे दिवा नसलेलं. महसुली कागदात मौजे अमुक, बेचिराख, असं लिहिलेलं असलं की समजायचं, नाव आहे, शीव आहे, साऱ्याचा आकार ठरलेला आहे, पण संध्याकाळी दिवा लावणारं कुणी नाही. शेजारच्या गावचे लोक ती जमीन कसतात, आणि त्या मौजाचा मारुती रानात एकटाच उभा असतो. तुम्ही डोक्यातून काढलेला दिवा दप्तरात शेकडो वर्षं पडून होता. म्हणून चष्मा काढला.

गिरणेच्या काठी मोजणीला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही, तिथला वाद अजून चालू आहे. नदीच्या वळणावर भोवतालच्या काळ्या रानात एक पांढरं टेकाड. शेतात राहणाऱ्याला सांगायला नको, वावर ती काळी आणि वस्ती ती पांढरी. माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली, चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती थरावर थर साठली की जमीन अशी पांढुरकी होते आणि वर येते. मी मोजणीचं टेबल लावलं त्याच्या माथ्यावर, तिथून चारी बाजू दिसत होत्या. खाली एकजण ट्रॉलीत माती भरत होता, घराच्या धाब्यावर टाकायला. फावड्याच्या एका घावाबरोबर खापरांचे तुकडे घरंगळत आले. एक उचललं. तांबूस, बोटभर जाडीचं, वर काळ्या रंगाच्या दोन रेघा, आणि त्यातली एक रंगवणाऱ्याचा हात हलल्यासारखी मध्येच वाकडी झालेली. मी ते न्याहाळतोय हे बघून तो म्हातारा म्हणाला, "सायेब, आठे पहिले गाव व्हतं. मंग दिवा लावाले कोन्ही ऱ्हायनं नही."

दिवा हा शब्द त्याने आपण होऊन वापरला. दप्तर त्याने कधी पाहिलेलं नव्हतं.

ते टेकाड किती जुनं, हे सांगणं माझं काम नव्हे. पण ज्यांचं काम आहे त्यांनी आपल्या भागात पुष्कळ खोदलंय, आणि तुम्ही सगळे जळगाव-धुळ्याची पोरं असून यातलं एक अक्षर तुमच्या पूर्वेतिहासात उतरलेलं नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे गावाजवळ शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे सापडलेत, वर आडव्यातिडव्या रेघांची नक्षी कोरलेली, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीची. शहामृग, इथे! खरं सांगा, तुमच्या उडत्या घोड्यांपेक्षा हे कमी अद्भुत आहे का? तापीकाठच्या सावळदे गावावरून तर एका अख्ख्या संस्कृतीला नाव मिळालं, चार हजार वर्षांमागची. भांड्यांवर ते मासे आणि बाणांची टोकं काढत. त्याच लोकांची एक वस्ती साक्री तालुक्यात कावठ्याला होती, जमिनीत खड्डा खणून त्यावर छप्पर घातलेल्या झोपड्यांची. गिरणेवर बहाळ, तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे, दोन्हीकडे खालपासून वरपर्यंत वस्तीचे थर. आणि मग इ.स.पू. १००० च्या सुमारास तापी-गोदावरीच्या खोऱ्यांतली ही जुनी गावं बहुतेक ओस पडली. पाऊस कमी झाला, असं कारण पुरातत्त्ववाले देतात. पुढे काही शतकांनी लोखंड हाती असलेली माणसं आली आणि पुष्कळदा त्याच टेकाडांवर बसली. पुराच्या पाण्याला उंच आणि प्यायच्या पाण्याला जवळ अशी जागा नदीकाठी काही दहा नसतात.

म्हणजे बघा, मुलूख एकदाच वसत नाही. वसतो, उठतो, पुन्हा वसतो. तुमच्या कालरेषेवर एक खूण आहे, 'आगमन', आणि त्यानंतर सगळा चढच चढ. दहा वर्षांत किल्ला, वीस वर्षांत बाजारपेठ. माझ्या नोकरीत तीन गावांचं पुनर्वसन पाहिलं, सरकारी पैसा आणि जेसीबी हाताशी असताना. वीस वर्षांत शाळेच्या छताचा वाद मिटला नव्हता.

आता गेलेली माणसं कुठे जातात ते. गाव उठलं म्हणजे सगळी मेलीच असं नसतं. काही सोयऱ्याधायऱ्यांकडे जातात, काही डोंगर गाठतात. १८०२ च्या आसपास होळकरी फौजा खानदेशातून फिरल्या, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला आणि तापीचं हे काळंभोर खोरं कित्येक कोस ओसाड झालं. १८१८ ला इंग्रज आले तेव्हा त्यांनी पाहिलं ते हे खानदेश. झाडं माजलेली, वाघ फिरताहेत, पडक्या गढ्या. त्यांच्या कागदांत भिल्ल दिसतात ते लुटारू म्हणून. पण त्याआधी घाट कोण राखत होतं? आपल्याकडे खिंडीला बारी म्हणतात, कोंडाईबारीवरून सुरतेकडे जाताना तुम्ही कैक वेळा झोपेत गेला असाल. या बाऱ्या राखायचं काम भिल्ल नाईकांकडे होतं. वाटसरू आणि व्यापारी सुखरूप पार करायचे आणि त्याबद्दल ठरलेला हक्क घ्यायचा. गावोगावचा जागल्याही बहुतेक भिल्लच. हक्क मिळत होता तोवर राखणदार, हक्क बुडाला की तोच माणूस दरोडेखोर! १८२५ मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली ती याच माणसांची, पगार देऊन पुन्हा राखणीला लावलेली. चाळीसगावहून कन्नडला चढणाऱ्या घाटाला आजही औट्रम घाट म्हणतात. त्याआधी तो घाट ज्यांनी राखला त्यांच्या नावाची पाटी तिथे नाही.

तुमच्या पान १७ वर 'काळझुंडी' आहेत. डोळे लाल, भाषा नाही, नुसते चीत्कार, रात्री उतरतात आणि खेळणाऱ्यांनी फासा टाकून मारायचे, तीन मारले तर एक मोहोर. पोरांनो, रागावू नका, पण हे वाचताना मला आमच्या जुन्या साहेबाची आठवण झाली, जो सातपुड्यातल्या आदिवासी भागात, धडगावला बदली झाली तेव्हा रडला होता आणि दोन वर्षांनी तिथून बदली झाली तेव्हाही रडला. तुमच्या डोंगरातली माणसं त्या सात गावांची नसतील कशावरून? राणीच्या किल्ल्याआधी बारी त्यांच्याकडे असेल. राणीने हक्क बंद केला असेल. एवढं घातलंत तर लाल डोळ्यांची गरज उरणार नाही. रात्री जागून डोळे कुणाचेही लाल होतात.

बरं, राणीच्या लोकांनी तरी यावं कशाला? तुम्ही लिहिलंय, "साहसाच्या ओढीने." साहसाच्या ओढीने माणूस पायी बैल हाकत, पोरंबाळं घेऊन, पडीक हरळीच्या रानात नांगर घालायला येत नाही. त्याला कौल लागतो. ओस गाव वसवायचं तर जुने राज्यकर्ते कौल देत, इस्ताव्याचा. पहिली काही वर्षं सारा माफ किंवा नावापुरता, मग दर साली थोडा थोडा चढत जाऊन शेवटी पूर्ण. पाटीलकीचं वतन कुणाला, कुलकर्ण कुणाकडे, बलुतेदार कोण आणायचे, सगळं ठरवून. आणि खरी गोष्ट इथेच आहे. इस्तावा संपत आला, पूर्ण साऱ्याचं साल तोंडावर आलं, त्या वर्षी पाऊस गेला, तर काय? निम्मं गाव रातोरात पलीकडच्या राजाच्या हद्दीत, तिथल्या नव्या कौलावर! सीमेवरच्या माणसाजवळ ही एक ताकद असते, की तो उठून जाऊ शकतो, आणि दोन्ही राजांना हे ठाऊक असतं. फासे इथे टाका. त्या रात्री बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांत चिंध्या कोंबून निघालेलं कुटुंब, हा खेळ मला खेळायला आवडेल.

दुसरी गोष्ट पाणी. तुमच्या सांजळ नदीत बारमाही पाणी आहे आणि कुणी ते अडवत नाही, वळवत नाही. पांझरेवर, कान नदीवर एकदा जाऊन या. तिथले फड बंधारे शेकडो वर्षांचे आहेत. नदीत दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालचं सगळं रान तीन-चार फडांत वाटलेलं. एका फडात एका वर्षी एकच पीक, उसाच्या फडात सगळ्यांचा ऊस, गव्हाच्या फडात सगळ्यांचा गहू, पुढल्या साली फेरपालट. मेख अशी की प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा प्रत्येक फडात असतो. पाणी कमी आलं तर अमुक एकाचं वावर कोरडं असं होत नाही, एक अख्खा फड पडीक ठेवतात आणि ती झळ सगळ्यांना लागते. पाणी देणारा पाटकरी वेगळा, पीक राखणारा जागल्या वेगळा, आणि त्यांना मेहनताना शेतकऱ्यांनीच द्यायचा. मोजणीवाल्याला हे रान म्हणजे डोकेदुखी, एका माणसाचे चार ठिकाणी पट्टे! पण असा एक बंधारा तुमच्या काठावर बांधा आणि बघा काय होतं. बंधारा फोडला तर एक गाव मरतं, म्हणजे सातातल्या एका दिव्याचं उत्तर मिळालं. तो कुणी फोडला याचं उत्तर मात्र राणीच्या आजोबांपर्यंत जाऊ शकतं.

नावांबद्दल लिहायला बसलो तर पत्र संपणार नाही, पण नावं ही माझी जुनी खोड आहे. सांजळकाठची झाडून सगळी गावं एकाच भाषेतली, सुवर्णपूर, विजयनगरी, राणीपेठ, जणू एका दुपारी एकाच कारकुनाने लिहून काढली. आपल्या खानदेशाच्या नावावरच बघा किती भांडण. कुणी म्हणतं कान्हदेश, कुणी म्हणतं फारुकी सुलतानांच्या 'खान' पदवीवरून. त्या फारुकींचा मूळ पुरुष मलिक राजा, त्याला फिरोजशहा तुघलकाने १३७० मध्ये थाळनेर आणि करवंदचा मुलूख दिला, दिल्लीहून बघता तेव्हाचा टोकाचा सीमाप्रदेश. त्याच्या मुलाने आसा अहिराचा असीरगड घेतला तो कसा, तर बायकामुलांना आसरा द्या म्हणून विनवलं आणि डोल्यांतून सैनिक वर चढवले, असं जुने फारसी इतिहासकार सांगतात. गड आजही असीर म्हणूनच ओळखला जातो. ज्याला फसवलं त्याचं नाव राहिलं. पुढे १६०१ मध्ये अकबराने तो घेतला आणि मुलगा दानियालच्या नावावरून मुलखाला 'दानदेश' म्हणायचं ठरवलं. आज जळगावच्या बसस्टँडवर दानदेश म्हणून बघा, कंडक्टर तुम्हाला भलत्याच गाडीत बसवेल.

गावांच्या नावातलं बुद्रुक आणि खुर्दही फारसीच, मोठं आणि धाकटं. पाडा म्हटलं की डोंगरउतार आला, तांडा म्हटलं की बंजारा आले. रावेर-यावलकडे लेवा पाटील, शहाद्याकडे गुजर, हे गुजरातेतून येऊन बसल्याचं स्वतःच सांगतात. सातपुड्यातले पावरे पावागडाचं नाव घेतात. अहिराणी बोलत धुळ्याहून निघालात की भुसावळला पोचेपर्यंत लोक तुमच्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघायला लागतात. सीमाप्रदेशात एकच भाषा असते असं कुणी सांगितलं तुम्हाला? माझी सूचना एवढीच, सातांपैकी निदान तीन मेलेल्या गावांची नावं नव्या गावांच्या पोटात मोडक्या रूपात ठेवा. राणीपेठेला बाजाराला येणाऱ्या बायका तिला दुसरंच काही म्हणत असतील, आणि का म्हणतात ते त्यांनाही सांगता येत नसेल.

देवांचं तुमचं ठीक आहे, फक्त शिवेवर एखादा दगड असू द्या ज्याला दोन्हीकडचे लोक शेंदूर लावतात. बर्फ काढून टाका. तुमच्यातल्या कुणी बर्फ फ्रीजबाहेर पाहिलेला दिसत नाही, वर्णनावरून कळतं. मे महिन्यातल्या भुसावळची दुपार लिहा, ती तुम्हाला येते.

आणि शीव. पान २६ वर राजमोजणीदार सोन्याची काठी टेकवतो आणि सीमारेषा आपोआप उमटते. मी मोठ्याने हसलो, घरातले बघायला आले. शीव काठीने ठरत नाही, ती कुणाला तरी ठाऊक असावी लागते. जुन्या काळी दोन गावांत शिवेचा तंटा पडला की साक्ष कुणाची मानत, तर महाराची. ज्याला गावकुसाच्या आत घर बांधू देत नव्हते, त्यालाच गावाची हद्द पावलापावलाने माहीत असे, कारण ती राखत फिरणं, सांगावे नेणं, मेलेली ढोरं ओढणं त्याच्याच वाट्याला होतं. पाटलाला वाडा माहीत, शीव नाही. तुमच्या ४३ पानांत अशी जागा कुणाची आहे, हे मी शोधत गेलो. फार शोधावं लागलं नाही, पान ३१ वर सापडली. डोंगरातून मध विकायला येणारी ती डोकरी. तुम्ही तिला एकच वाक्य दिलंय, "मध घ्या मध," आणि पुढल्या ओळीत ती निघून जाते. पण त्याच ओळीत कुणीतरी लिहून गेलंय की जाताना ती पहिल्या थंड दिव्यापाशी थांबते आणि पदराने त्यावरची धूळ पुसते. हे ज्याने किंवा जिने लिहिलं त्याला किंवा तिला सगळं आधीच माहीत आहे. बाकीच्यांनी त्याच्याशी बोला.

नकाशा सोबत परत पाठवतोय. पान २ वरचा 'निर्जन' मी खोडलेला नाही, फक्त वर बारीक अक्षरात 'बेचिराख' लिहिलंय. सात दिव्यांच्या जागी सात ठिपके दिलेत, पाचांना पाणी जवळ आहे, दोन फार उंचावर पडले होते म्हणून नदीकडे सरकवलेत. पेन्सिलीचं काम आहे, पटलं नाही तर खोडा. ठिपक्यांपुढे नावं घातलेली नाहीत, ती त्या डोकरीकडून घ्यावी लागतील.

येत्या रविवारी गच्चीवर एक जागा असेल तर ती डोकरी मी खेळेन. फासे कसे टाकायचे तेवढं कुणीतरी दाखवा, आणि पाठीला टेकायला काहीतरी ठेवा.

तुमचा,
पुतणीचा काका
(निवृत्त भूकरमापक)